माझ्या वाट्याच्या पाण्यातलं लाकूड

४ फेब्रु., रवि. मुदखेड.
दादाच्या मळ्यातला जांब वाळून दोन वर्षं झाली. त्याची दुफाटी फांदी मागितली. माशांच्या टाकीत कोवळं लाकूड चालत नाही, कुजकंही नाही. असं पुरतं वाळलेलंच हवं. दादानं कुऱ्हाड चालवली आणि म्हणाला, "चुलीत घालायची गोष्ट तू माशायला घेऊन चालली." लातूरच्या गाडीत कंडक्टरनं विचारलं, सरपण का? हो म्हणाले. मांडीवर घेऊन बसले.

६ फेब्रु., मंगळ.
साल सोलली. खाली किड्यांनी कोरलेल्या वाटा. काथ्यानं घासलं. एकाही पातेल्यात मावत नाही. कापायची नाही. अर्धी उकळली, मग उलटी करून उरलेली. दोन-दोन तास. पाणी कोऱ्या चहासारखं. घरभर भिजल्या गोणपाटाचा वास.

९ फेब्रु., शुक्र.
नळ आला. आठव्या दिवशी येतो. माझ्या वाट्याला एक पिंप. टब जिन्याजवळच्या गॅलरीत मांडला, लाकूड रंग सोडून बुडेपर्यंत भिजवायला. लाकूड तरंगतं, वर वजन हवं. शहाबादी फरशीचा तुकडा होता. लिंबू पिळून पाहिलं, फेसाळला. चुनखडी. तो पाण्यात नको. काळा दगड ठेवला.
घरमालक अप्पा खालून बघत होते. "म्याडम, गावाला प्यायला न्हाई अन् तुम्ही लाकूड भिजवून राहिल्या."
माझ्या पिंपातलं आहे म्हणाले. आंघोळ अर्ध्या बादलीत करते, हे सांगितलं नाही. कशाला सांगायचं.

१२ फेब्रु., सोम.
पाणी बदललं. जुनं फेकवेना. अंगणातल्या बेलाला घातलं. अप्पा रोज लिंगपूजेला त्याचीच पानं नेतात. पूजा अर्धी टाकून बाहेर आले. आवाज चढवला नाही.
"बेलाला तुमच्या घरचं पाणी घालत जाऊ नका. पूजेचं झाड हाय."
लाकडाचा रंग आहे, झाडाला अपाय नाही, मी म्हणाले.
"मी लाकडाचं न्हाई म्हणून राहिलो."
आम्ही बौद्ध. हे घर देतानाच त्यांना माहीत होतं. तीन वर्षं माझ्या हातचं भाडं चालतं.

१३ फेब्रु., मंगळ.
पुन्हा घातलं. दुपारी, ते ओट्यावर बसलेले असताना. तांब्यानं, सावकाश.
संध्याकाळी काकू, अप्पांच्या बायको, निरोप घेऊन वर आल्या. टब आत घ्यायचा, बेलाकडे जायचं नाही. नाहीतर महिनाअखेर खोल्या सोडायच्या. पाठ केल्यासारखं बोलल्या. माझ्याकडे पाहिलं नाही.
करार ऑगस्टपर्यंत आहे. काढून वाचला. त्यात लाकूड नाही, बेल नाही, मी कोण हेही नाही.

१५ फेब्रु., गुरु.
स्टाफरूममध्ये इतिहासाच्या मॅडम म्हणाल्या, एका लाकडासाठी कशाला वाढवता. त्यांना आपण समजूतदार बोललो असं वाटलं.
दादाचा फोन. "टब आत घे की. लाकडाला काय कळतंय?"
"मला कळतंय."
मग म्हणाला, "मावतंय का तरी टाकीत?"
या आठवड्यात पहिल्यांदा हसले.
टब हलवला नाही.

१८ फेब्रु., रवि.
काल नळ आला, टबात ताजं पाणी भरलं. संध्याकाळपर्यंत तपकिरी. आज सकाळी बघते तर काचेसारखं नितळ. तळाशी गाळ. काठावर तुरटीचा खडा.
इकडे गढूळ पाणी दिसलं की हात आपोआप तुरटीकडे जातो. काकूंना विचारलं. चेहरा उजळला त्यांचा. "म्याच फिरवली, बाई. म्हणलं रंग गेला की ह्यांचं तोंड बंद."
तुरटी लाकडात मुरली असेल. तशा पाण्यात मासे जगायचे नाहीत. सगळं ओतून पुन्हा उकळायला लागेल, पुन्हा भिजवायला. एवढं सांगितलं तर पायरीवर बसल्या. पदर बोटाला गुंडाळत राहिल्या.
रागवायचं होतं. जमलं नाही.
हिशेबाबाहेर गेलं पाणी. या आठवड्यात कपडे धुवायचे नाहीत. खरकटी भांडी आधी राखेनं पुसायची. चालेल. हे पाणी मात्र बेलाला नाही, मोरीत. बेलाशी काही वाकडं नाही माझं.

२१ फेब्रु., बुध.
कॉलेजहून आले. टब जागेवर. दगड जागेवर. अप्पा भेटले, "मग?" म्हणाले.
"मग काय."
मी पुढे गेले.

२५ फेब्रु., रवि.
नळ. काकू दोन घागरी घेऊन वर आल्या. त्यांच्या हौदातल्या. न विचारता पहिली टबात ओतली. खालून अप्पांची हाक, पाणी कुठं नेती म्हणून. काकूंनी कठड्यावरून वाकून सांगितलं, "लाकडाला." दुसरी ओतली.
मग माझ्या माठातलं पाणी मागितलं. तांब्या ओठाला लावून प्यायल्या.
मी आभार मानले नाहीत. पाण्याचे मानले असते, पिण्याचे का मानू. असं लिहिते आहे, पण त्या गेल्यावर बराच वेळ तांब्या विसळला नाही.

२७ फेब्रु., मंगळ.
पाण्याला आता फिकट पिवळी झाक, तेवढी चालते. दगड काढला. लाकूड तळाशीच राहिलं. एक टोक जरा उचलतं. तंगुसाच्या दोऱ्यानं काळ्या दगडाशी बांधलं आणि टाकीत उतरवलं. वाळूवर टेकताना एक बुडबुडा सुटला.

२९ फेब्रु., गुरु.
सकाळी अप्पा खोल्या दाखवायला एक नवरा-बायको घेऊन आले. दार उघडलं. त्या बाईंनी गॅलरी पाहिली, हवा छान आहे म्हणाल्या. खोल्या कधी मिळतील, असं त्यांनी अप्पांना विचारलं. उत्तर मी दिलं, "रिकाम्या नाहीत. मी राहते इथं."
अप्पा म्हणाले, संध्याकाळी बोलू.
चारला जाऊन सहा टेट्रा मासे आणले. पिशवी टाकीत तरंगत ठेवली आहे, आतलं-बाहेरचं पाणी एकसारखं व्हायला हवं. अर्धा तास. घाई केली तर मरतात.
जिन्यावर अप्पांच्या चपला वाजताहेत. बहुतेक काकूही आहेत मागे, काहीतरी बोलताहेत त्या, शब्द कळत नाहीत. अजून दहा मिनिटं बाकी आहेत. दार उघडंच आहे. त्यांना बसायला सांगेन.