शेजारी बसून एकटीने पाहिलेले सिनेमे

मंगळवार, ७ फेब्रुवारी

भुताचा सिनेमा. अगदीच पुचाट! सगळी भिस्त दारांवर. दार करकरलं की संगीत, दार आपटलं की संगीत, आणि शेवटी भूत निघालं ते कपाटातून – म्हणजे पुन्हा दारच! नटी घाबरली की नुसते डोळे मोठे करते. चष्म्याच्या दुकानात मी गिऱ्हाइकांचे डोळे तपासते तेव्हा सांगते ना – मोठे करा, वर बघा, मिटू नका – तश्शी.

हे सांगायचं कुणाला? म्हणून इथे. सोफ्यावर शेजारी वकीलसाहेब बसला होता. नवऱ्याला मी लग्नाआधीपासून वकीलसाहेब म्हणते. नावाने हाक मारली की काहीतरी बिनसलंय असं त्याला वाटतं. एके काळी या माणसाने त्या भुताचे वाभाडे काढले असते, तेही सिनेमा चालू असताना. "हे कुठल्या हक्काने राहतंय इथे? भाडेकरार दाखवा म्हणावं!" थिएटरात पुढच्या रांगेतले लोक वळून बघायचे. मी कोपर मारायची. मग तर त्याला आणखीच चेव यायचा.

आज संपल्यावर विचारलं, "कसा वाटला?"

"बरं," म्हणाला.

बरा नव्हे. बरं.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

गेल्या वर्षी भर कोर्टात अर्धांगाचा झटका आला. बोलता बोलता वाक्य अर्धं राहिलं आणि हा खाली बसला. पाय परत आला. उजवा हातही बराचसा आला; पेला धरतो, बटणं लावतो. बोलणं तेवढं आलं नाही. समजतं सगळं, शब्द सापडत नाहीत. सापडतात ते दोनच – "बरं" आणि "अरे". त्या दोघांवर घर चाललं आहे.

सिनेमांची कल्पना वाचाबाईंची. त्याला बोलायला शिकवतात त्या. वाचाबाई हे नाव मी ठेवलेलं, त्यांना ठाऊक नाही. वयाने आमच्या मुलाएवढ्या असतील, पण आवाजात जरब! "दोघांना आवडणारं काहीतरी रोज एकत्र करा. पूर्वी काय करायचात?" मी पटकन म्हटलं, सिनेमे! दर आठवड्याला एक, लग्नाआधीपासून. आम्हा दोघांचं एकच वेड.

"मग झालं तर! जुने, नवे, हसरे, रडके, सगळे दाखवा. आणि मत विचारा. मत असलं की माणसाला बोलावंसं वाटतं."

याला मतांची कमी होती कधी?

रविवार, १२ फेब्रुवारी

कोर्टाचा सिनेमा, कृष्णधवल, आमच्या जन्माच्याही आधीचा. मुद्दाम निवडला. फार सुंदर प्रकाश! साक्षीदार बाईच्या चेहऱ्यावर खिडकीचे गज पडलेले, आणि ती खोटं बोलायला लागली की एक पाऊल मागे सरकते – अंधारात. कुणी सांगत नाही, पण आपल्याला कळतं. हल्लीच्या सिनेमात पार्श्वसंगीतानेच कळवलं असतं.

वकील मात्र दिव्य. साक्षीदाराच्या नाकाला नाक लावून ओरडत होता. न्यायाधीश गप्प. मी वकीलसाहेबाकडे बघत बसले. आता तरी! असलं काही दिसलं की हा खुर्चीतून अर्धा उठायचा – "अरे, कुठल्या कोर्टात चालतं हे? याची सनद काढून घ्या!"

आज उठला नाही. मांडीवर हात ठेवून बसला होता. डोळे पडद्यावर होते की नाही, तेही कळेना.

"आवडला?"

"बरं."

मंगळवार, १४ फेब्रुवारी

युद्धपट. दहा मिनिटांत बंद केला. पहिला बॉम्ब पडला आणि तो उठून आतल्या खोलीत गेला. मीही मूर्खच.

मंगळवार, २१ फेब्रुवारी

आज मूकपट! कालपासून डोक्यात होतं – जिथे कुणीच बोलत नाही, तिथे हा कमी कसा पडेल?

एक लठ्ठ माणूस भलामोठा आरसा घेऊन गावातून चालला आहे. बस, एवढीच गोष्ट. आरशात स्वतःला बघून कुत्रा भुंकतो, पोलीस सलाम ठोकतो, एक बाई थांबून केस नीट करते आणि तो बिचारा तिचे केस होईपर्यंत आरसा धरून उभा! मी हसून हसून बेजार. आणि एकदम ऐकू आलं – तो हसत होता. त्याचंच हसू, पूर्वीचं, शेवटी खोकल्यात जाणारं. त्या हसण्याला धक्कासुद्धा लागलेला नाही.

मी सिनेमा सोडून त्याच्याकडे वळले, तर तो माझ्याकडेच बघत होता. पाणी आलं होतं माझ्या डोळ्यांना. पुसलं आणि म्हटलं, "बघ बघ, आता पडणार आरसा."

नाही पडला. शेवटपर्यंत नाही! चांगला सिनेमा.

शुक्रवार, ३ मार्च

वन्सं आल्या होत्या. भावाच्या गळ्यात पडून रडल्या, मग स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाल्या, "दादाला बोलता येत नाही, तर तू किती बोलतेस गं त्याच्यासमोर!" आता काय करू? दोघंही गप्प बसलो तर भिंती बोलतील का?

त्या असतानाच अंतराळाचा सिनेमा लावला. नवा आहे, बक्कळ खर्च केलेला. यानात एकटा माणूस. तो तिथून काही बोलला की पृथ्वीवर पोचायला कितीतरी वेळ लागतो, आणि बायकोचं उत्तर यायला तेवढाच. मधल्या वेळात तो दाढी करतो, झोपतो, झाडाला पाणी घालतो. वन्सं म्हणाल्या, "काही घडतच नाही यात." मला वाटलं, किती घडतंय! ती बायको रोज बोलून ठेवते. उत्तर येईल तेव्हा येईल.

यंत्रं खोटी वाटली. दिवे फार लुकलुकतात. पण ती बाई खरी होती.

रविवार, ५ मार्च

रहस्यपट. बंगला, पाहुणे, जेवणाच्या टेबलावर मेलेले काका. मला वाटलं पुतणी. मग वाटलं स्वयंपाकी.

इतकी वर्षं या प्रकारच्या सिनेमांवरून आमची भांडणं झाली. हा मध्यंतराआधीच खुनी सांगून टाकायचा. आणि बरोबर! एकदा मी चिडून रांगेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले होते, तर याने चौघा अनोळखी लोकांकरवी निरोप पाठवला – "मॅडमना सांगा, माळी."

आज मी मोठ्याने म्हटलं, "स्वयंपाकीच. शंकाच नाही." आणि वकीलसाहेबाने हात वर केला. उजवा. बोट पडद्याकडे. डॉक्टर उभा होता तिथे – मेलेल्या काकांची नाडी बघणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात!

शेवटी डॉक्टरच निघाला!

मी टाळ्या पिटल्या. "सांग, कशावरून? कशावरून ओळखलंस?" त्याचे ओठ हलले. गळ्याची शीर फुगली. मी वाट बघितली. मग मीच म्हटलं, "घड्याळावरून का? हातमोज्यांवरून?" त्याने मान फिरवली.

"बरं," म्हणाला. बरं!

किती जवळ आला होता.

मंगळवार, १४ मार्च

आमच्या वेळचा प्रेमपट. त्याच्या चष्म्याचा नंबर काढायला तो दुकानात आला होता. मी नवीनच लागले होते. चष्मा न्यायला आला तेव्हा मीच विचारलं, "सिनेमाला येता का?" तो हा सिनेमा.

आज बघवत नाही! नायक नायिकेचा पाठलाग करतो, तिची सायकल लपवतो आणि याला म्हणे प्रेम. रंग असे की डोळ्यांना झोंबावेत. नायिका सोळाची म्हणून सांगतात, आणि हनुवटीखालची सुरकुती लपत नाही. गाणी मात्र... सगळी पाठ निघाली. मी गुणगुणत होते. वाचाबाई म्हणाल्या होत्या, बोलता न येणाऱ्यालाही कधी कधी गाता येतं. म्हणून मी एक ओळ म्हणायची आणि अर्ध्यावर सोडून त्याच्याकडे बघायची. पुन्हा म्हणायची. पुन्हा बघायची.

त्याने डोळे मिटून घेतले.

तेव्हाच्या त्या अंधारात तो माझ्या कानाशी लागून अखंड बोलत होता. सिनेमाची गोष्ट मला दुसऱ्या दिवशी मैत्रिणीकडून समजून घ्यावी लागली. हिरमुसले होते तेव्हा! म्हटलं होतं, जरा गप्प बसशील तर बरं.

आवाज हवा आहे. शहाणा नको, बरोबर नको, नुसता कानाशी हवा आहे.

गुरुवार, १६ मार्च

दुकानातली वीज गेली, मालकांनी लवकर सोडलं. एरवी वाचाबाईंकडे त्याला त्याचा जुना ज्युनियर घेऊन जातो. म्हटलं आज आपणच आणू.

बाहेरच्या बाकावर ज्युनियर पेपर वाचत होता. दार लोटलेलं. आतून आवाज.

"खिडकी... जरा... उघडा. उकडतंय."

त्याचा आवाज. घोगरा, अडखळणारा, पण त्याचाच! वाचाबाई म्हणाल्या, "अरे वा! आणि?" तर म्हणतो, "आणि... पंखा... तुमचा... कामचुकार आहे."

कामचुकार! एवढा शब्द!

मी धावत आत जायला हवं होतं. पाय उचललाच नाही. ज्युनियर कानकोंडा होऊन म्हणाला, "काकू, दोनतीन आठवडे झाले. सर म्हणाले..." आणि थांबला. म्हणजे याच्याशीही बोलतो! जगाशी बोलतो!

वाटेत मी विचारलं, "कसं झालं आज?"

"बरं," म्हणाला.

सिनेमा लावला नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

शुक्रवार, १७ मार्च

पंख्याला वाक्य. मला बरं.

रविवार, १९ मार्च

मुलाचा फोन. सांगितलं. तो परगावी, त्याला काय कळणार! "आई, चांगलीच बातमी आहे की ही," म्हणतो. आहेच. मला का कळत नाही?

वकीलसाहेबाने माझ्या पुढ्यात चहा आणून ठेवला. स्वतः केलेला. मी "ठेव" म्हटलं. त्याला नावाने हाक मारली.

मंगळवार, २१ मार्च

सुट्टी होती. वाचाबाईंना एकटीच जाऊन भेटले. ठरवलं होतं शांतपणे बोलायचं. पहिल्या वाक्यालाच आवाज चढला. "माझ्याशी का नाही? मी काय घोडं मारलं आहे?"

त्यांनी चढू दिला. मग म्हणाल्या, "माझ्यासमोर चुकले तर त्यांचं काही जात नाही. ज्युनियर तर हाताखालचा. तुमच्यासमोर त्यांना पहिल्यासारखंच बोलायचं आहे. ते येईपर्यंत गप्प."

"आणि ते कधी येणार?"

"पहिल्यासारखं? कदाचित कधीच नाही." एवढंसं वय, पण नजर हटवली नाही. "तुम्ही रोज काय विचारता त्यांना?"

"तुम्हीच सांगितलंत ते. आवडला का, कसा वाटला, खुनी कोण, का."

"आणि मग?"

मग मी वाट बघते. तोंडाकडे बघत. शब्द आला नाही की मीच पुरवते. बोलता बोलता माझं मलाच ऐकू आलं – ही तर उलटतपासणी! तीही त्याच्यासारख्या माणसाची, रोज, स्वतःच्याच सोफ्यावर.

वाचाबाई म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी गृहपाठ दिला."

बुधवार, २२ मार्च

मुलांचा कार्टून सिनेमा. एक देवमासा आणि दीपगृहातली म्हातारी. गोड. गाणी जास्त. मी काहीही विचारलं नाही. संपल्यावर म्हटलं, "देवमाशाचा रंग चुकलाय," आणि भांडी आवरायला गेले.

तो मागून आला. पुसायचं फडकं घेऊन उभा राहिला. आम्ही दोघांनी भांडी पुसली.

रविवार, २६ मार्च

चोरांचा सिनेमा, पळापळीचा. मोटारी उलटतात आणि कुणाचा भांग विस्कटत नाही. मी आपली मतं देत बसले, उत्तराची जागा न सोडता. असं बोलायला बरं वाटतं. पण एकटं वाटतं. शेजारी ऊब आहे, श्वास आहे, साबणाचा वास आहे. बाकी सगळं आहे. नवऱ्याची आठवण येते, आणि नवरा हाताच्या अंतरावर बसलेला!

मंगळवार, २८ मार्च

काही पाहिलं नाही. पाय दुखत होते. तो पायाशी बसून चेपत राहिला.

रविवार, २ एप्रिल

आज एक जुना विनोदी सिनेमा काढून ठेवला होता, जुळ्या भावांचा. लावायला उठले तर त्याने माझ्या हातातून रिमोट काढून घेतला आणि उशीखाली ठेवला. मी बसले. तोंडाकडे बघायचं नाही म्हणून समोरच्या बंद टीव्हीकडे बघत राहिले.

"मला... सिमे... सिनेमे..." थांबला. मी शब्द पुरवला नाही. "आवडत... नाहीत."

मी म्हटलं, "हे असले जुने का?"

"कुठलेच."

"कधीपासून?"

"पहि... पहिल्या... पासून."

"अरे, मग इतकी वर्षं दर आठवड्याला यायचास कशाला!"

या वेळी फार वेळ लागला.

"तू... यायचीस."