आवरलेली खोली

सोमवार, ९ नोव्हेंबर

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. नमस्कार वाकून करावा अशी पाठीची अवस्था नाही, तेव्हा बसल्या जागेवरूनच गोड मानून घे. बस सकाळी पोचली आणि मी तशीच शाळेत गेले.

शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी विचारलं, शहरात काय काय पाहिलंस. मी सांगितलं, संग्रहालय पाहिलं, बोटीतून फिरलो, उंच मनोऱ्यावर गेलो. खरं म्हणजे मला आठवतात ते जिने. तुझ्या त्या शहरात कुठेही जायचं तर आधी जमिनीखाली उतरायचं, मग पुन्हा वर चढायचं. आणि आपल्याकडे दमलेलं माणूस कुरकुरतं, निदान कुठेतरी टेकतं; तिथे सगळे दमलेले आणि सगळे चालतच असतात. मनोऱ्यावरून खाली बघताना शहर सुंदर वाटायला हवं होतं. मला वाटलं, एवढ्या खिडक्या कोण पुसत असेल. शेजारी तू उभी होतीस, म्हणून असेल.

पर्यटक म्हणून तू मात्र साफ नापास आहेस. संग्रहालयात लोक राजाच्या पलंगाकडे माना उंच करून बघत होते आणि तू रखवालदाराला सांगत होतीस की पलंगाखाली कुणी झाडू फिरवलेला नाही. तोही वाकून बघायला लागला.

आता रविवारचं. आईला फोनवर सांगितलं तर ती हसून हसून बेजार झाली. मला अजून हसू येत नाही. ती हॉटेलची खोली मी तुझ्यासाठी घेतली होती, मावशी. इतकी वर्षं तू तुझ्या त्या मोठ्या हॉटेलात परक्यांच्या खोल्या आवरतेस, तर एकदा तुझी खोली दुसऱ्या कुणी आवरावी, एवढीच माझी हौस. माझी बस रविवारची असून खोली सोमवारपर्यंत ठेवली होती, ती तुला एक रात्र निवांत झोपता यावं म्हणून. आणि मी आंघोळीला गेले तेवढ्यात तू चादरी ताणल्यास, आरसा पुसलास, कचरा बाहेर नेलास, आपल्या पिशव्या कपाटात वरच्या फळीवर दडवल्यास आणि फिरायला निघताना सवयीनं किल्ली काउंटरवर देऊन टाकलीस. त्या लोकांनी काय समजायचं? पाहुणे गेले, खोली तयार आहे. संध्याकाळी आपण आपलंच दार ठोठावलं तर ओल्या केसांचा एक गृहस्थ बाहेर आला आणि त्यानं आपल्यालाच विचारलं, टॉवेल आणलेत का. तू आणायला वळलीससुद्धा.

दुसरी खोली शिल्लक नव्हती. मी मॅनेजरशी भांडत होते, तर तू मधे पडून सांगितलंस की चूक तुझी आहे, त्याच्या माणसांना कुणी बोलू नये. तेव्हा मी चारचौघांत म्हणाले, "तुला एक दिवससुद्धा बसून राहता येत नाही का?" आवाज चढला, त्याबद्दल माफ कर. प्रश्न मागे घेत नाही.

कारण तू केस डाव्या हातानं विंचरत होतीस, हे मी पाहिलं. पडदा ओढतानाही उजवा हात खांद्याच्या वर गेला नाही. फोनवर तू "बरं आहे" याच्यापुढे जात नाहीस, म्हणून कागदावर विचारते. वर्ष संपताना तुमच्याकडे पुढच्या वर्षासाठी सह्या घेतात ना, या वेळी सही करू नकोस. माझ्याकडे राहायला ये. दोन खोल्या आहेत, खिडकीत ऊन येतं. तुला काडीचंही काम करावं लागणार नाही. आपल्या घरातली पहिली पदवी माझी. ती मग कशासाठी घेतली मी?

उत्तर लवकर पाठव. "बघू" सोडून काहीही चालेल.

तुझी,
हेडमास्तर


मंगळवार, १७ नोव्हेंबर

चि. हेडमास्तर यांस,

अ. उ. आ. पाठ आता सरळ झाली असेल अशी आशा आहे.

तुझं पत्र मी दुपारच्या सुट्टीत चादरींच्या खोलीत वाचत होते. सगळ्याजणी मागे लागल्या म्हणून मोठ्यानं वाचलं. टॉवेलवाल्या गृहस्थापाशी आल्यावर आमच्या मुकादमीणबाई, ज्यांना मी कधी हसताना पाहिलेलं नाही, त्या खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेल्या. मग एकीनं विचारलं, त्या हॉटेलातल्या खोल्या आवरणारीचं काय झालं असेल? आवरलेली खोली बघून तिनं दार ओढून घेतलं असणार, दुसरं काय करणार. मग कुणी हसलं नाही. सुट्टीच्या दिवशी मी तिकडे जाऊन आले. नोकरी शाबूत आहे, फक्त बोलणी खाल्ली. ती म्हणाली, बाई, तुम्ही पाहुण्या होतात तर पाहुण्यांसारखं पसारा करून जायचं होतं. तिचं काही चुकलं नाही.

पाच वर्षांची होतीस तेव्हा तू बाहुल्यांना भिंतीशी बसवून हजेरी घ्यायचीस. तेव्हापासून तू हेडमास्तर. आता मलाही त्या रांगेत बसवायला निघालीस. काडीचं काम नाही असं तू प्रेमानं लिहिलंस, पण मला धडकी भरली ग. सकाळी तू शाळेत जाणार आणि मी खिडकीतलं ऊन बघणार. ऊन किती वेळ बघतात? संध्याकाळी तू दमून येणार आणि मी दिवसभर न दमलेली. मग मला जेवण तरी कसं जाईल?

खांद्याचं मनावर घेऊ नकोस, थंडीत धरतो. मुकादमीणबाईंनी मला वरच्या मजल्यांवरून काढून तळमजल्यावर दिलं आहे. जोडीला एक नवी मुलगी आहे, गाद्या ती उचलते. तिला वाटतं मी तिला शिकवते आहे. वाटू दे.

तेव्हा सही करीन असं दिसतं. "बघू" लिहिलेलं नाही, हे ध्यानात घे. ताईला सांग, धाकटी बहीण अजून हट्टीच आहे. जेवत जा. रागावलीस तरी माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी मावशी


शुक्रवार, २७ नोव्हेंबर

ती. मावशीस,

सा. न. रागावले होते, म्हणून उत्तराला उशीर.

आईकडे तुझी तक्रार केली. ती म्हणाली, तिला ओढलं की ती उलट्या दिशेनं चालते, लहानपणापासून. मी विचारलं, मग करू तरी काय? आई म्हणाली, तिला काय हवं ते तू सांगत बसू नकोस, तुला काय हवं ते सांग.

त्यावर मी बराच विचार केला. मला काय हवं हे मला कुणी विचारलेलं नाही, मी स्वतःही नाही. मी शाळेतून येते तेव्हा बोलून बोलून घसा बसलेला असतो आणि घरात बोलायला माणूस नसतं. उभ्यानंच काहीतरी खाते, वह्या तपासायला घेते, त्यांच्यावरच झोपते. शिक्षिका झाले तेव्हा वाटलं होतं, मुलांची आयुष्यं बदलून टाकीन. सध्या पेन्सिल कुणाची यावरचे तंटे सोडवते. एक मुलगी खूप हुशार आहे, तिच्याकडे बघायलाच वेळ उरत नाही, आणि घरी आल्यावर तेच टोचत राहतं. दमले असं कुणाला म्हणता येत नाही. घरातली पहिली शिकलेली. सगळे म्हणतील, खुर्चीत बसून कसली दमतेस. तू म्हणणार नाहीस असं वाटतं.

त्या रविवारी बसची वेळ होईपर्यंत आपण हॉटेलच्या दारातल्या सोफ्यावर बसलो होतो ना, मी धुसफुसत होते. थोड्या वेळानं तुझं डोकं माझ्या खांद्यावर आलं. माणसं येत-जात होती, बॅगांची चाकं खडखडत होती, आणि तू चक्क घोरत होतीस. माझा हात बधिर झाला तरी मी हलवला नाही. दोन दिवसांत पाहिलेल्या शहरातलं मला तेवढंच आवडलं. तुला ठाऊक नाही, कारण उठल्याबरोबर तू सोफ्यावरच्या उशांच्या खोळी सारख्या करायला लागलीस.

तेव्हा काम नाही हे शब्द मी परत घेते. मी तुझ्या विश्रांतीसाठी बोलावते असं मलाच वाटत होतं. ते अर्धंच खरं आहे. संध्याकाळी दार उघडल्यावर घरात कुणीतरी असावं, मग ते कपाट उलटंपालटं करून माझ्यावर ओरडत का असेना. खोल्या तू आवर. त्यावरून भांडू. फक्त जड उचलायचं ते मी उचलणार, आणि खांदा डॉक्टरला दाखवायला मी नेणार.

नाही म्हणालीस तर पुन्हा विचारणार नाही. सही करणं हा तुझा प्रश्न आहे, हे मला आधीच कळायला हवं होतं.

लोभ कमी पडणार नाही, उत्तर काहीही आलं तरी.

तुझी,
हे. मा.


रविवार, ६ डिसेंबर

चि. पोरी,

अ. उ. आ. आज हेडमास्तर म्हणवत नाही. तुझं पत्र या वेळी कुणाला वाचून दाखवलं नाही.

शिकून खुर्चीत बसलेलं माणूस दमत नाही, असं मलाही वाटायचं. आमच्याकडे येणारे पाहुणे बघून कळायला हवं होतं. बूट न काढताच झोपतात लोक, कोट घालून.

बुधवारी सह्यांचा दिवस होता. मुकादमीणबाईंनी कागद पुढे केला, मी म्हटलं, उद्या करते. त्या म्हणाल्या, गेल्या साली तर वाचलासुद्धा नव्हतास. मी म्हटलं, म्हणूनच. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तळमजल्यावरच्या एका खोलीत गेलो, पाहुणे नुकतेच गेलेले. मी चादर झटकायला घेतली आणि हात मधेच अडला. वर जाईना, खाली येईना. नवी मुलगी बघत होती. एरवी मी तिला न्हाणीघर धुवायला पाठवते आणि तेवढ्यात दात आवळून उरकते. पण त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं, "तू कर. मी बसते."

आणि पाहुण्यांच्या खुर्चीत बसले. इतक्या वर्षांत कधी बसले नव्हते. खुर्ची मऊ असते हेही माहीत नव्हतं. पोरगी घाबरली. पाणी आणू का, कुणाला बोलावू का. मी म्हटलं, काही नको, भाचीकडे राहायला जायचं आहे, सराव करते आहे. हे बोलल्यावर मला कळलं की माझं ठरलं आहे. संध्याकाळी मुकादमीणबाईंना सांगितलं. त्यांनी कागद परत घेतला आणि माझ्या बदली कुणाला घ्यायचं ते मलाच विचारत बसल्या.

वर्ष संपलं की येते. सामान थोडं आहे. डॉक्टरचं तू म्हणशील तसं. आवराआवरीचं मात्र मी म्हणेन तसं, आणि ती हुशार मुलगी कुठे राहते ते विचारून ठेव. संध्याकाळी घरी बोलाव तिला, तू तिच्याकडे बघ, मी बाकीचं बघते.

त्या खोलीतलं एक सांगायचं राहिलं. पोरीनं गादीवर चादर पसरली, उशा ठेवल्या, पायाकडचा कोपरा दुमडला. चुकीचा दुमडला. मग ती माझ्याकडे बघत उभी राहिली. माझा हात उठला होता. तो मी मांडीवर ठेवला आणि बसून राहिले.

आता लोभ असू द्या असं लिहायची पाळी संपली, तो समोर बसून मोजून घेईन.

तुझीच,
मावशी