चार जुने की एक नवा

शनिवार, १ नोव्हें. अकोला
जठारपेठेतल्या वाचनालयाने संगणकांचा सल्ला द्यायला बोलावलं, म्हणून गेले. अंध वाचकांसाठी बोलक्या पुस्तकांचा विभाग काढायचाय त्यांना. एका पतसंस्थेने वापरून झालेले चार संगणक दिलेत. विंडोजची नवी आवृत्ती त्यांच्यावर चढत नाही, प्रोसेसर जुना. आधीच्या आवृत्तीचे अपडेट बंद. म्हणजे दोनच वाटा. चारींवर लिनक्स, ती फुकटची, खुली प्रणाली. किंवा चारी भंगारात, आणि देणगीतून विंडोजसकट एक नवा.

सचिव वानखडे काका म्हणाले, "मॅडम, साऱ्या दुनियेत जे चालते तेच घ्या ना. कायले डोक्याले ताप?"

तपासून सांगते, म्हटलं. समितीची बैठक महिनाअखेरच्या रविवारी.

विभाग नसरीन सांभाळणार. माझ्याच वयाची. जन्मापासून दिसत नाही. सध्या तात्पुरती. काकांनी तिच्यासमोरच सांगितलं: शेजारी कुणी न बसवता यंत्र चालवता आलं तर नोकरी पक्की, नाही तर दुसरं कुणी पाहावं लागेल. ती एवढंच म्हणाली, "चालवीन ना काका. यंत्र तर द्या."

एक सीपीयू पिशवीत घालून गाडीने घरी आणला. मूर्तिजापूरला चढलेली शेवंतीवाली म्हणे, "मिक्सर आहे का पोरी?" हो म्हटलं.

रवि. २ नोव्हें. अमरावती
लिनक्स टाकलं. चहा निवायच्या आत चालू. वायफाय सापडलं, आवाज सापडला, कुठेही अडलं नाही. या डब्याला काल भंगार म्हणत होते.

स्क्रीन रीडर लावला. पडद्यावर आपण जिथे असू तिथलं वाचून दाखवतो. मग मराठी आवाज निवडला आणि पहिलं वाक्य ऐकून हातातला कप खाली ठेवला.

आई दारातून: "एकटीच काय हसून राहिली व?"

काही नाही म्हटलं.

शनि. ८ नोव्हें. अकोला
न.ला यंत्र दिलं. तिचा पहिला अभिप्राय: "हा कोण हो? सर्दी झालेला तलाठी सातबारा वाचून राहिला असं वाटते."

तिने अमरावतीत संगणकाचा कोर्स केलाय, विंडोजवर. तिथला आवाज माणसासारखा, गोड. शॉर्टकट तिथले. इथे बोटं सारखी तिथल्या कळांकडे जात होती. फाइल उघडायला गेली आणि खिडकीच बंद केली. दोनदा. तिसऱ्यांदा मी हात पुढे केला, तर म्हणाली, "नका सांगू. नोकरी तुमाले पायजे का मले?"

हात मागे घेतला.

परत येताना डोक्यात: ती कोर्समध्ये जो स्क्रीन रीडर शिकली, तो विंडोजवर चालणारा, पण तोही खुलाच, फुकटच. म्हणजे माझ्या मनात जी सरळ रेघ होती, विकतचं इकडे नि खुलं तिकडे, ती तशी नाही. नोंद करून ठेवते, कारण बैठकीत सोयीने विसरायची शक्यता आहे.

बुध. १२ नोव्हें.
ऑफिसातून आल्यावर बसले. तलाठ्याचं पोट उघडलं.

सगळं उघडं आहे. उच्चारांचे नियम साध्या मजकुराच्या फाइलीत, ओळीने लिहिलेले. ‘चमचा’ला तो ‘चहा’तला च लावतो, म्हणून सगळं बोलणं परक्यासारखं. एक ओळ घातली. कंपाईल. ऐकलं. चमचा! आमच्या स्वयंपाकघरातला चमचा!

मग जावई, दळायचं जातं, चुलीचा च. जेवायला बोलावलं तेव्हा ‘वांगं’वर होते.

कॉलेजात चार वर्षं ‘सोर्स कोड उपलब्ध असतो’ असं परीक्षेत लिहिलं आणि मार्क घेतले. उपलब्ध म्हणजे काय ते आज कळलं.

शनि. १५ नोव्हें. अकोला
न. ऐकत राहिली. मग: "हे तुमी केलं? याले बदलता येते?"
"येते."
"मंग याले म्हणा, जरा घाई कर. किती हळू बोलते."

वेग वाढवायची कळ दाखवली. तिने दाबली. परत दाबली. दाबत गेली. माझ्यासाठी नुसता भुंग्यासारखा आवाज उरला. ती डोकं थोडं कलतं करून ऐकत होती आणि ओठ हलत होते. थांबवलं आणि अख्खा परिच्छेद मला परत सांगितला. एक शब्द चुकला नाही.

"गोड आवाज असा पळवला का तुटते," ती म्हणाली. "हा तलाठी नाही तुटत. याच्या बोलण्याले हाडं आहेत."

मी ज्याला दोष समजून दुरुस्त करत होते ते त्याचं बळ निघालं. कोणत्याही तुलनेच्या तक्त्यात हे वाचलेलं नाही. तसाच एक तक्ता मी बैठकीसाठी करत होते. पुसला.

आज तिने मला पहिल्यांदा मॅडमऐवजी ऋतुजा म्हटलं. मी दुरुस्त केलं नाही.

शनि. २२ नोव्हें. अकोला
वाईट दिवस.

वानखडे काका पेनड्राइव्ह घेऊन आले. त्यांनी स्वतः टाइप केलेला लेख, ‘माझे वाचनालयातील दिवस’. "हे वाचून दाखव म्हणा तुमच्या यंत्राले." न.ने फाइल उघडली, एकटीने, न चुकता. आणि तलाठी इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के असलं काहीतरी बरळायला लागला. पानभर.

काका: "पाहा. मराठी येतच नाही तुमच्या फुकट्याले."

कारण मला एका क्षणात कळलं, आणि लाज त्याच क्षणात. जुना फॉन्ट. पडद्यावर ‘क’ दिसतो, पण आत साठवलेलं असतं इंग्रजी अक्षर, फॉन्ट त्यावर मराठी मुखवटा चढवतो. डोळ्याला मराठी, कानाला कचरा. इथे सगळी वर्षं सगळं असंच टाइप झालंय. हे मी पहिल्या दिवशी तपासायला हवं होतं. नाही तपासलं.

तीच फाइल काकांच्या ऑफिसातल्या विंडोजवर वाचवून दाखवली. तोच कचरा. लिनक्सचा दोष नाही हे सिद्ध झालं. उपयोग शून्य.

"पण दिसून तर मराठीच राहिलं," काका म्हणाले. खरंच गोंधळले होते.
न.: "तुमाले दिसून राहिलं काका. मले वाचायचं आहे."

दोन्हींपैकी काहीही घेतलं तरी इथला कागद तिला वाचता येणार नाही, आणि मग शेजारी कुणीतरी बसवावं लागेल. ते तिला माझ्याआधी कळलं होतं. जाताना म्हणाली, "पुढच्या शनिवारी येशील ना?"

रवि. २३ नोव्हें.
शोधलं. मुखवटा उतरवणारा एक छोटा प्रोग्राम सापडला, कुणीतरी लिहून खुला ठेवलेला. अर्धवट. याच फॉन्टच्या कुटुंबातला, पण जोडाक्षरांवर कोसळतो. कोण माणूस, कुठला, माहीत नाही. शेवटचा बदल फार जुना.

उरलेलं मी लिहीन.

मंगळ. २५ नोव्हें.
पहिली वेलांटी छळते. जुन्या फॉन्टमध्ये ती अक्षराच्या आधी टाइप होते, खऱ्या मजकुरात नंतर हवी. ‘र्क’ चा रफार त्याच्या उलट. दोघं एका शब्दात आले की मारामारी. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत कागदी रुमालावर बाण काढत होते.

‘मार्मिक’ बरोबर आला!! ‘आर्थिक’ही. दोन उद्गारचिन्हं राहू देते.

गुरु. २७ नोव्हें.
काकांचा लेख पूर्ण उतरला. मला सापडलेली चूक एकही नाही, म्हणजे दोन-तीन असतील.

दुरुस्ती मूळ लेखकाकडे पाठवली. संध्याकाळी उत्तर. त्याला वाटलं होतं आता हे कुणी वापरत नाही. घेतली. प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या यादीत माझं नाव आलंय. आईला दाखवलं. "पगार वाढला का?" नाही म्हटलं. "मंग नाचून कावून राहिली?" नाचत नव्हते. उभी होते.

शनि. २९ नोव्हें. अकोला
न.ने फाइल उघडली. प्रोग्राम चालवला, एकटीने, मी खिडकीशी. तलाठी वाचायला लागला, आधी काकांसाठी हळू. काका खुर्ची ओढून बसले. स्वतःचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून, तेही असल्या नाकातल्या आवाजात. चष्मा काढून पुसत होते.

मग न.ने वेग वाढवला आणि पुढचं एकटीच ऐकत गेली. मध्येच खो खो हसली.

"काका, तुमी पुस्तकं लपवत होते?"
"कोणती पुस्तकं?"
"रहस्यकथा. नव्या आल्या का आधी शेतीच्या कपाटात. स्वतःचं वाचून झालं का मंग वाचकाईले."
"अवो, ते शेवटच्या पानावर आहे! तू इतक्यात पोचली?"
"कवाचीच."

काका पण हसले. बाहेर पडताना मला म्हणाले, उद्या बैठकीत मीच बोलतो, तुमी नका बोलू. बरं म्हटलं.

मला मात्र न.ने वेगळंच सांगितलं. तिने बँकेच्या परीक्षेचाही अर्ज भरलाय. तिथे विंडोजच असणार. "नवं यंत्र आलं तर माझा सराव होते. हे चार ठेवले तर चार जण बसतील. मूर्तिजापूरची दोन पोरं आत्ताच विचारून राहिली." मग: "तू काय घेतलं असतं?"

उत्तर तयार होतं. महिनाभर तयार होतं. दिलं नाही. मला परीक्षा द्यायची नाही, मला आवाज बदलता येतो म्हणून मी खूश आहे. दोन वेगळ्या गोष्टी.

रवि. ३० नोव्हें. अकोला
बैठक. काकांनी लेखाची गोष्ट सांगितली, लपवलेल्या पुस्तकांसकट. समितीतले लोक हसले. नसरीनची नेमणूक एकमताने. पक्की. तिने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले होते, ते सुटले.

मग काका म्हणाले, "यंत्र कोणतं, ते चालवणारीच सांगेल. बोल नसरीन."

सगळे तिच्याकडे. मीही.

"आठ दिवस द्या," ती म्हणाली. "एक घरी नेते. चांगलं वापरून पाहते. मंग सांगते."

दिले. तिचा भाऊ मोटारसायकल घेऊन आला होता. तिने सीपीयू ओढणीत गुंडाळला, कीबोर्ड काखेत, मागे बसली. काका पायरीवरून ओरडले, "अवो, स्क्रीन राहिली! स्क्रीन!"

"कायले पायजे?" ती म्हणाली, आणि गाडी वळली.

काका दोन्ही हातांत मॉनिटर धरून उभे.

आत्ता घरी पोचले तर तिचा व्हॉइस मेसेज. मागे तलाठी सुसाट चाललाय, मला एक शब्द लागत नाही. त्यावरून तिचा आवाज: चालू झालं गं. मग दोघांचं थोडा वेळ तसंच. ती मध्ये कशाला तरी हसते. काय ठरवणार ते त्यात नाही.