धाकटीचा आकडा

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. कॉलर शिवून बोटं आखडलीत, तरी लिहितेय. पोटात मावत नाही म्हणून.

माझ्या नव्या शिलाई मशीनवर ५८८२३५३ असा नंबर आहे. दुपारी वीज गेली, तेव्हा चाळा म्हणून मी तो तोडला: ५८८ आणि २३५३. दोघांचे वर्ग केले, बेरीज केली, आणि ताई, पुन्हा तोच नंबर आला! खडूनं कापडावर तीनदा मांडून पाहिलं. मुकादमीण ओरडली, ते सोड.

तू गणिताची बाई. ही मूळ संख्या आहे का, म्हणजे हिला दुसऱ्या कशानंच भाग जात नाही का, तेवढं बघ. बाबा तुला शेजारी बसवून गणितं घालायचे नि मला आत पिटाळायचे. हेवा वाटायचा गं. अजून वाटतो. म्हणून बाबांना मीच येऊन सांगणार, तोवर तोंड उघडू नकोस.

लोभ आहेच, तो उत्तरातून दिसू दे.
धाकटी

११ मार्च

चि. धाकटीस,
अ. आ. बेरीज बरोबर आहे. पण हुरळून जाऊ नकोस, असे आकडे असतात. १२ आणि ३३ यांचे वर्ग मिळव, १२३३ येतात. योगायोग म्हणायचा नि सोडून द्यायचा. बाकीचं सवडीनं बघते; पेपर तपासायचे पडलेत.

बाबा ठीक. डोळे अधू झालेत, जीभ नाही.

पाठ सांभाळ, लोभ आहे तसा असू दे.
ताई

२६ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

मागचं पत्र मी जळफळत लिहिलं. सवड नव्हती हे खोटं. त्याच संध्याकाळी भागाकार मांडून बसले, एखादा तरी भाजक सापडावा आणि तुला ऐटीत कळवावं म्हणून. २४२५ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागलं. वर्गमुळाच्या पुढे गरज नसते. तीनशे साठ भागाकार झाले. एकानंही भाग गेला नाही. तुझी संख्या मूळ आहे.

मग त्याहून वाईट केलं. बाबांना ती माझी म्हणून सांगितली. ते ताडकन उठून बसले. एकाला सतरानं भागताना जवळजवळ हेच आकडे येतात म्हणाले, आणि मनातच तिला सतरानं गुणलं. दहा कोटी एक! लहान मुलासारखे हसले. माझ्याकडे बघून असे कित्येक वर्षांत हसले नव्हते. मग विचारलं, ही तुला भेटली कुठे? मी बोलून गेले, शिलाई मशीनवर. ते म्हणाले, तुला तर सुईत दोरा ओवता येत नाही.

तेव्हापासून एकच चौकशी, धाकटी कधी येणार. ती जागा चाळीस वर्षं माझी होती गं. जाताना बघवत नाही.

जमलं तर माया ठेव.
ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
नमस्कार, नाइलाजानं. इतकी संतापले की दोन कॉलर उलट्या शिवल्या. बाबांचं ते पहिलं हसू माझं होतं. आता ते परत कसं देणार?

पण खरं सांगू? आजवर कुणी माझा हेवा केला नव्हता. ताईनं, आमच्या हुशार ताईनं, माझ्यावर जळून तीनशे साठ भागाकार केले! दिवसभर मशीनवर मी गालात हसत होते.

रविवारी येते. बाबांपाशी मी एकटीच बसणार, तू दार लोटून घे. राग एवढ्यात जायचा नाही. पण ती भागाकारांची वही काढून ठेव. मला एकेक पान बघायचंय.

लोभाचं मग बघू.
धाकटी