झुरिकला जाऊन आलेली बॅग

छावणी,
अधिक महिन्यातला दुसरा बुधवार

साडूभाऊ राजकुमाररावांना सोमनाथचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (एका हाताने भागलं असतं, पण रत्नमाला समोर बसून मेथी निवडते आहे.) तुमची तब्येत उत्तम असणारच. परदेशाच्या पाण्यानेसुद्धा ती कधी बिघडली नाही, असं तुम्ही मागे चारचौघांत सांगितलं होतं, ते माझ्या लक्षात आहे. प्रेरणाचे गुडघे कसे आहेत? बाल्कनीतून विमानं अजून दिसतात ना? चिकलठाण्याला घर घेतल्यापासून तुम्ही पाहुण्याला चहाच्या आधी विमान दाखवता. आमच्या छावणीतल्या घरातून लष्कराची भिंत दिसते, आणि तिचाही फोटो काढायला मनाई आहे.

एका गावात राहून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही मला तिसऱ्या वाक्याच्या पुढे जाऊ देत नाही, आणि व्हॉट्सॲपवर मी काहीही लिहिलं तरी नुसता अंगठा पाठवता. व्हिएतनामहून मी कळवलं की इथं नाश्त्याला पावाचे सोळा प्रकार आहेत (तुमच्या स्वित्झर्लंडात चौदा होते, हे मी तुमच्याच तोंडून नऊ वेळा ऐकलं आहे), तर त्यालाही अंगठाच आला. माणसाने सोळा प्रकार दोनदा मोजावेत आणि साडूने अंगठ्यावर भागवावं, याचं दुःख तुम्हाला कळायचं नाही.

मूळ दुखणं मागच्या धोंड्याचं आहे. अधिक महिन्यात पिशोरला मामा दोन्ही जावयांना धोंड्याचं जेवण घालतात. मी थोरला जावई, त्यामुळे एकोणीस वर्षं पहिला पाट माझा, पहिलं ओवाळणं माझं, आणि पुरणाचा पहिला धोंडा सारजामामी माझ्याच ताटात वाढणार. मागच्या खेपेला तुम्ही नुकतेच तुमच्या बियाण्याच्या कंपनीकडून स्वित्झर्लंडला जाऊन आलात. मी सवयीने पाटावर टेकणार तोच मामा म्हणाले, "राजकुमारराव, तुम्ही या इकडं. मला त्या बर्फाचं सांगा जरा." मी उभाच होतो. माझ्याकडे बघून म्हणाले, "सोमनाथराव काय, घरचेच हायेत." तीन वर्षं झाली, ते 'घरचेच' अजून माझ्या घशाखाली उतरलेलं नाही. त्या दिवशी धोंडेही उतरले नव्हते, पण ते निदान डब्यात बांधून आणता आले.

त्यानंतर मी सबमर्सिबल मोटारी अशा विकल्या की कंपनी थक्क झाली. ज्यांच्या विहिरीला पाणी नाही त्यांनाही मी भविष्याची मोटार विकली. कंपनीने मला धरून मराठवाड्यातल्या चाळीस डीलरांना व्हिएतनामला न्यायचं ठरवलं. साहेबांनी यशाचं रहस्य विचारलं तेव्हा मी सचोटी म्हणालो. खरं उत्तर तुम्ही होतात.

आता तुमच्या बॅगेविषयी. माझ्याकडे बॅग नव्हती असं नाही. पण तुमच्या निळ्या बॅगेच्या मुठीला विमानाच्या त्या चार पट्ट्या लटकलेल्या आहेत, आणि त्यांचा रंग उडू नये म्हणून प्रेरणाने त्यांना प्लॅस्टिक शिवून घेतलं आहे. मागताना मी चाकांची तारीफ केली होती. चाकं सगळ्याच बॅगांना असतात, राजकुमारराव. पट्ट्या सगळ्यांना नसतात. कन्नडचा डीलर सत्यम रांगेत माझ्या मागे उभा होता (वय अठ्ठावीस, बूट पांढरे), त्याने त्या पट्ट्या वाचल्या आणि तिथून पुढे मला 'सर' म्हणायला लागला. ते एक 'सर' ऐकायला मी आणखी दोन पट्ट्या लावून घेतल्या असत्या.

चिकलठाणा विमानतळाच्या काउंटरवरची मुलगी मात्र कात्री घेऊनच बसली होती.

"काका, जुने टॅग काढावे लागतील."

"नको गं बाई. साडूची अमानत आहे."

"मग बॅग साडूंच्याच गावाला जाईल."

मी हसलो. तीही हसली, पण कात्री खाली ठेवली नाही. म्हणून ती दुसरीकडे वळताच मी पट्ट्या मुठीच्या कापडी खोळीत कोंबल्या आणि काढल्या म्हणून सांगितलं. बॅग सरकत्या पट्ट्यावरून आत निघाली तेव्हा धक्क्याने चारी पट्ट्या पुन्हा बाहेर आल्या आणि डुलायला लागल्या. मला तेव्हा बरं वाटलं होतं. सत्यमही बघत होता.

हनोईचं विमानतळ एवढं मोठं आहे की आपली छावणी बाजारासकट आत ठेवली तरी वर दोन मजले उरतील. (तुमचं झुरिक याहून मोठं असेल तर कळवू नका.) तिथं जमीन स्वतः चालते, माणसाने नुसतं उभं राहायचं. मी सवयीने चालत राहिलो आणि सगळ्यांच्या आधी जिथं पोचलो तिथं बॅग नव्हती. एकोणचाळीस बॅगा आल्या. शेवटी एका अधिकारीण बाईंनी संगणकात बघितलं, मान हलवली आणि एकच शब्द उच्चारला. त्यांची भाषा मला येत नाही, माझी त्यांना येत नव्हती, पण तो शब्द मी तीन वर्षं ऐकत होतो. झुरिक. वाटेत कुठल्यातरी यंत्राने माझी नवी पट्टी सोडून तुमची जुनी वाचली होती. यंत्रालासुद्धा दोन जावयांतून तुम्हीच दिसावेत, याला काय म्हणायचं?

हॉटेल उत्तम होतं, फक्त न्हाणीघराची भिंत काचेची होती. पडदा होता, तो बाहेरच्या बाजूने. म्हणजे आत कोण दिसावं हे बाहेरच्याने ठरवायचं, आणि बाहेर माझा खोलीसोबती सत्यम. पहिल्याच सकाळी आमचं ठरलं की एक जण आत गेला की दुसऱ्याने खिडकीतून शहर बघायचं. व्हिएतनाम मी मुख्यतः असं बघितलं. शिवाय दाराचं कार्ड भिंतीतल्या खाचेत घातल्याशिवाय दिवे लागत नाहीत. ते खाचेत ठेवून मी जरा बाहेर डोकावलो, दार मागे आपोआप लागलं आणि मी टॉवेलवर मजल्याच्या मधोमध अडकलो, कारण माझ्यापाशी टॉवेलशिवाय दुसरं वस्त्र नव्हतं. अंगावरचा सदरा वाळत होता. खाली जाऊन दुसरं कार्ड आणलं, ते कसं आणलं ते विचारू नका. लॉबीतल्या जपानी कुटुंबाने वाकून नमस्कार केला, मीही केला, एका हाताने.

बॅग कधीही येईल आणि माझी सही लागेल, असं विमानतळावर सांगितल्यामुळे मी लॉबीत बसलो. एकोणचाळीस डीलर समुद्रातले डोंगर बघायला बोटीने गेले. मी बसलो. ते नदीवर गेले, बाजारात गेले, कठपुतळ्यांच्या खेळाला गेले. मी माशांच्या टाकीसमोर कंपनीने नंतर वाटलेल्या टी-शर्टात बसलो. टाकीत अकरा मासे आहेत आणि त्यातला एक तुमच्यासारखा पुढे पुढे करतो. हातचं पर्यटन सोडून मी तुमच्या पट्ट्यांची राखण करत होतो, आणि बॅग त्या वेळी कुठं होती? बर्फात. ज्या देशाचं नाव निघालं की मी पाण्याचा तांब्या शोधायला उठतो, त्या देशात तुमची बॅग दुसऱ्यांदा गेली. तिच्यातला रत्नमालाचा ठेचा गेला, धपाटे गेले, माझी चट्ट्यापट्ट्याची चड्डी गेली. घरातलं सगळं स्वित्झर्लंड बघून आलं, मी सोडून. एखाद्या चड्डीचा हेवा वाटण्याची वेळ माझ्यावर आली, हे मी फक्त तुम्हालाच लिहितो आहे.

असो. रविवारी पिशोरला भेटूच. मामा-मामींसाठी मी हॉटेलातली साबणाची वडी आणली आहे. सत्यमने कॉफीच्या पुड्याही उचलल्या, पण माझ्याकडे ठेवायला बॅग नव्हती. प्रेरणाला आशीर्वाद.

तुमचा (वयाने) थोरला साडू,
सोमनाथ

ता. क. लिहायचं राहिलं. बॅग काल परत आली. चाकं ठीक आहेत. ठेचा तिकडच्या अधिकाऱ्यांनी जप्त केला, तशी चिठ्ठी आहे. तुमच्या चारी पट्ट्या मात्र त्यांनी कापून टाकल्या, आणि परत पाठवताना एकच नवी बांधली. तिच्यावर ठळक अक्षरांत झुरिक, आणि त्याखाली माझं नाव. म्हणजे कागदोपत्री आता स्वित्झर्लंडला मी जाऊन आलो आहे आणि तुमच्याकडे काही सबूत उरलेला नाही. मी काही म्हणत नाही. फक्त सांगतो.

ता. क. २. खरं काम हे. रविवारी मी ती बॅग पिशोरला नेणार आहे. मामा पट्टी बघतील आणि विचारतील. मी खोटं बोलणार नाही, पण समोर आलेला पाट ढकलणारही नाही. तेव्हा एका कागदावर लिहून पाठवा: थंडी किती, घरं कशी, आणि मुख्य म्हणजे तिथली गाय किती लिटर दूध देते. मामा गायीचं विचारल्याशिवाय सोडणार नाहीत. बदल्यात दिवाळीला पहिला पाट तुमचा.

ता. क. ३. पत्र घडी घालायच्या आत रत्नमालाने वाचलं आणि मेथी बाजूला ठेवून हसत बसली. तिला प्रेरणाने तीन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, आईची आण घालून, की तिकडच्या चीजने तुमचं पोट पहिल्याच रात्री बिघडलं आणि चारी दिवस तुम्ही हॉटेलच्या खोलीत होतात. मागे बर्फाचा डोंगर असलेला तुमचा फोटो लॉबीतल्या भिंतीवरच्या चित्रासमोर काढलेला आहे. आता नीट बघितल्यावर डोंगराच्या वर मला बल्बही दिसतो. तेव्हा कागद पाठवायची तकलीफ घेऊ नका. तुम्हाला जेवढं माहीत आहे तेवढं मलाही माहीत आहे. रविवारी दोन्ही पाट एका ओळीत लावा म्हणून मीच मामींना सांगतो, आणि गायीचं विचारलं तर दोघांनी एकदम अठ्ठावीस लिटर म्हणायचं. बॅग उद्या पोचवतो. पट्टी मी ठेवून घेतली आहे.