भावोजींनी घाई केली नव्हती

ताई,

दूध तापवून ठेवलंय. भावोजी उठले की हे त्यांना वाचून दाखव, माझी हिंमत होत नाही.

दवाखान्याच्या नोंदी त्यांच्यामुळे गेल्या नाहीत. तिथल्या मशीनच्या डिस्कवर नोंदी लिहिणारा प्रोग्राम, डिस्कचा ड्रायव्हर, मी लिहिलेला. त्यात दोन कामं एकदमच एका जागी हात घालायची आणि नोंदी लिहून होण्याआधीच पडद्यावर 'झालं' असा निरोप यायचा. तो बघूनच त्यांनी मशीन बंद केलं.

ही चूक मला दोन वर्षांपूर्वीच दिसली होती. दोन कामांमध्ये क्षणभराची उसंत टाकली, चूक दिसेनाशी झाली, मी गप्प बसलो. काल नीट दुरुस्त केली. पाच ओळी लागल्या.

ऑफिसात सगळं कबूल करायला चाललोय.

त्यांची नोकरी गेली त्या संध्याकाळी 'जरा जपून काम करायचं' असं मीच त्यांना ऐकवलं होतं.