ऑरिनचं पहिलं मत

बटरनट फोर्क, न्यूयॉर्क राज्य
१८ सप्टेंबर १८६४

चि. ऑरिन यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पीटर्सबर्गच्या खंदकातून लिहिलेलं तुझं पत्र मंगळवारी पोचलं. कागदाला इतकी माती होती की तुझ्याआधी व्हर्जिनियाच घरात आल्यासारखं वाटलं. परवा तू एकवीस वर्षांचा झालास. मी मेपलची साखर घालून केक केला होता. बाबांनी काही न विचारता दोन तुकडे खाल्ले. कुणाचा वाढदिवस ते त्यांना ठाऊक होतं.

बाबांची प्रकृती बरी आहे. लोण्याच्या पिंपांना यंदा मागणी फार, आणि पट्ट्या ठोकायला आता ते एकटेच. आल्व्हाचं नाव जूनपासून घरात निघालेलं नाही. कोल्ड हार्बरच्या लढाईनंतर कॅप्टनचं पत्र आलं त्या दिवशी त्यांनी त्याचं कामाचं बाक भिंतीकडे तोंड करून ठेवलं, ते अजून तसंच आहे. तुला ते पत्र लिहीत नाहीत, याचं तू मनाला लावून घेऊ नकोस. मी तुझं पत्र मोठ्यानं वाचायला लागले की त्यांचा हातोडा थांबतो, एवढं मला ऐकू येतं.

गावात निवडणुकीशिवाय दुसरं बोलणं नाही. बाबा जनरल मॅक्लेलनच्या बाजूचे. दुकानात ते सगळ्यांसमोर सांगतात, की लिंकननं माझा एक मुलगा घेतला, दुसरा घ्यायच्या आत त्याला घरी बसवा. जनरल आला की लढाई थांबेल आणि पोरं परततील. आपल्या चर्चचे डीकन पेटीबोन लिंकनच्या बाजूचे. त्यांच्याशी बाबांचं इतकं वाजलं की चर्चमध्ये आता दोघं दोन टोकांना बसतात.

यंदाच्या कायद्याबद्दल तू विचारलंस. शिपायानं आपलं मत घडी करून पाकिटात बंद करायचं आणि गावातल्या एखाद्या मतदाराकडे पाठवायचं. तो माणूस मतदानाच्या दिवशी ते तसंच नेऊन देतो. मी पडले बाई, मला काही ते नेता येणार नाही. तेव्हा तू ते पेटीबोनना पाठव. ते जिवापाड सांभाळतील. बाबांना मात्र कळू देऊ नकोस.

मोजे पाठवले आहेत. एक तुझा, एक डरायसचा असं करू नका, दोन जोड आहेत.

तुझी,
फिलीनाताई


पीटर्सबर्गसमोर, छावणी
२ ऑक्टोबर १८६४

प्रिय ताईस,
ऑरिनचा नमस्कार. वि. वि.

मोजे पोचले. डरायसनं त्याचा जोड लगेच घातला आणि जाहीर केलं, की मावसबहीण असावी तर अशी. मी म्हटलं, तुला फक्त मोजे मिळतात, मला मोज्यांबरोबर उपदेशही मिळतो. त्यानं तुझ्यासाठी लिहायला सांगितलंय, की ऑरिनला मिशा फुटल्यात, पण त्या दिसायला ऊन लागतं.

पेटीबोनना मी मत पाठवणार नाही. तो बिचारा विधुर दर रविवारी आपल्या फाटकाशी घोडा बांधतो, तो काही बाबांच्या पिंपांसाठी नव्हे. मी माझं मत त्याच्या हाती दिलं तर तो ते हुंडा समजून ठेवून घेईल आणि उद्या तुला मागायला येईल.

आता थट्टा पुरे. ताई, मी लिंकनलाच मत देणार आहे. इथं आमच्या कंपनीत जनरलचा जयजयकार करणारेही पुष्कळ आहेत. त्यांच्याखाली लढलेली माणसं त्यांना बापासारखं मानतात. त्यांच्याशी मी भांडत नाही. पण आता अर्ध्यावर सोडून घरी आलो, तर आल्व्हा कशासाठी गेला हे मला उरलेला जन्म सांगता येणार नाही. बाबा म्हणतात एक मुलगा गेला म्हणून थांबा. मी म्हणतो तो गेला म्हणूनच थांबता येत नाही. दोघांच्याही मनात एकच माणूस आहे.

म्हणून मी पाकीट बाबांनाच पाठवलंय. काल कॅप्टनपुढे सही केली, डरायस साक्षीदार झाला. तू रागावशील, ठाऊक आहे. पण हे माझं पहिलं मत. ते बाबांच्या पाठीमागून चोरासारखं पेटीत पडावं असं मला वाटत नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
ऑरिन


बटरनट फोर्क
१४ ऑक्टोबर १८६४

चि. ऑरिन यास,

वडिलांचे आशीर्वाद. तुझं पाकीट सोमवारी मिळालं. वरचं फोडलं, आतलं बंद आहे ते बंदच ठेवलंय. आत कुणाचं नाव आहे ते कळायला मला ते उघडावं लागत नाही.

गावात तीनशे घरं आहेत. त्यातल्या शंभर माणसांनी ते आनंदानं नेलं असतं. ते सोडून तू ते ज्याला नकोसं होईल अशा एकाच माणसाकडे पाठवलंस. तू लहानपणीही असाच होतास. खोडी केली की दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी स्वतःच येऊन सांगायचास, आणि मग मला मारताही येत नसे.

मी तुला घरी आणण्यासाठी मत देणार आहे. तू मला सांगतोस, की त्याच हातानं तुला तिथं ठेवण्यासाठीही मत दे. हे बापाला सांगायचं काम नव्हे. पाकीट पेटीत जाईल की चुलीत, हे मी तुला आज लिहीत नाही. मलाच ठरवता आलेलं नाही.

थंडी पडायला लागली असेल. ओल्या जमिनीवर निजू नये.

तुझे वडील,
लायमन टीचाउट


छावणी
२४ ऑक्टोबर १८६४

तीर्थरूप बाबांस,
ऑरिनचे साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचं अक्षर पाकिटावर पाहिलं आणि आधी वाटलं ताईला काही झालं. मग उघडलं. दोन वर्षांत तुमचं हे पहिलं पत्र. मी ते तीनदा वाचलं, डरायसला एकदा वाचून दाखवलं, आणि रागाचा भाग वाचतानाही मला हसू आवरत नव्हतं, इतकं ते तुमच्या आवाजात होतं.

चुलीत टाकलंत तरी मी विचारणार नाही. घरी आल्यावर टेबलाशी बसून तो विषय काढणारही नाही. आणि जनरलच निवडून आले, त्यांनी आम्हाला घरी पाठवलं, तर मी लाजून मागे राहीन असं समजू नका. सगळ्यांच्या आधी मीच धावत सुटेन. मला इथं राहायची हौस नाही, बाबा. रोज सकाळी उठल्यावर पहिल्यांदा आपल्या कारखान्यातल्या ओल्या ओक लाकडाचा वास आठवतो.

उद्या-परवा आम्हाला हलवणार असं म्हणतात. कुठे ते सांगत नाहीत. मी कोरड्या जागी निजतो.

तुमचा,
ऑरिन


छावणी
२९ ऑक्टोबर १८६४

फिलीनाताईस,
डरायसचा नमस्कार.

हे पत्र तुझ्या बाबांच्या हाती पडू नये म्हणून तुझ्या नावानं लिहितो. तू त्यांना कसं सांगायचं ते बघ.

ऑरिन गेला. परवा, २७ तारखेला, पावसात. आम्ही नाल्यापलीकडचा रस्ता धरायला गेलो होतो. दुपारी झाडीतून बाजूनं शत्रूची माणसं आली. ऑरिन माझ्या उजव्या हाताला होता. गोळी छातीत लागली. फार वेळ लागला नाही. अंधार पडताच आम्हाला मागे फिरायचा हुकूम झाला आणि आम्ही त्याला तिथंच ठेवून आलो. ताई, मी त्याला उचलायचा प्रयत्न केला होता. एकट्याला जमलं नाही, आणि दुसरा कुणी थांबेना. माझा कोट त्याच्या अंगावर घातला आणि आलो.

बाबांचं पत्र त्याच्या खिशात होतं. ते त्याच्यापाशीच राहू दिलं.

मला हवा तेवढा बोल लाव. माझ्या आईलाही तूच सांग.

डरायस केचम


बटरनट फोर्क
१० नोव्हेंबर १८६४

चि. डरायस यास,
ताईचे आशीर्वाद. वि. वि.

तुला बोल लावायला मला तोंड नाही. का ते खाली लिहिते. तू त्याच्या अंगावर कोट घातलास. त्याला आम्हा घरच्यांच्या हातची तेवढीच ऊब मिळाली.

तुझं पत्र शनिवारी, पाच तारखेला आलं. मी ते टपालाच्या खिडकीशीच वाचलं. घरी आले तर बाबा स्वयंपाकघरात बसलेले, समोर ऑरिनचं पाकीट आणि त्याचं शेवटचं पत्र. त्यांनी मला बसवून घेतलं आणि म्हणाले, की मी ठरवलंय. पोरगा लिहितो की चुलीत टाकलंत तरी विचारणार नाही. असं लिहिल्यावर कुणाचा हात चुलीकडे जाईल? पाकीट मंगळवारी पेटीत जाईल. माझं मत जनरलला, त्याचं त्याच्या माणसाला. आम्ही दोघं एकमेकांचं मत पुसून टाकू, आणि मग तो घरी आला की एका टेबलाशी जेवू.

डरायस, पत्र माझ्या कमरेला खोचलेलं होतं.

मतदानाच्या जागी निरीक्षक पाकीट आणणाऱ्या प्रत्येकाला विचारतात, की तुमच्या माहितीप्रमाणे शिपाई हयात आहे ना. बाबांना खोटं बोलता येत नाही. मी सांगितलं असतं, तर ते मत तिथंच संपलं असतं. त्यानं सगळ्या आयुष्यात एकच मत दिलं होतं. म्हणून मी गप्प राहिले. शनिवार, रविवार, सोमवार. तीन दिवस मी त्यांना बकव्हीटची धिरडी करून वाढली. रविवारी चर्चमध्ये ऑरिनसाठी प्रार्थना झाली तेव्हा उभी राहून आमेन म्हटलं. मावशीलाही भेटले, पण तिलाही सांगितलं नाही.

मंगळवारी बाबांनी काळा कोट घातला. बायकांना आत जाता येत नाही, म्हणून मी बाहेर गाडीतच बसले. दार उघडं होतं. पाकीट पाहून दोघं-तिघं हसले. एकानं टोमणा मारला, की लायमन, लिंकनचा हमाल कधीपासून झालास? बाबांनी उत्तर दिलं, की माझ्या मुलाचं ओझं मी नाही वाहायचं तर काय तू वाहणार? मग निरीक्षकांनी प्रश्न विचारला. बाबा इतक्या मोठ्यानं हो म्हणाले, की रस्त्यावरच्या घोड्यांनी माना वर केल्या.

परत येताना ते फार बोलत होते. इतकं बोलताना मी त्यांना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर, त्यांनी कोट काढायच्या आतच मी तुझं पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते वाचलं. तारीख परत पाहिली, आणि मला विचारलं, की हे कधी आलं. मी सांगितलं. ते उठून कारखान्यात गेले. परवापासून ते माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. उद्या मी मावशीकडे जाते आहे. तिलाही सोबत हवी, आणि इथं माझं तोंड त्यांना रोज दिसू नये.

लिंकन निवडून आल्याच्या घंटा काल वाजल्या. मी खिडकी लावून घेतली.

तू जपून राहा. आता एवढंच मागणं आहे.

तुझी,
फिलीना


बटरनट फोर्क
२७ नोव्हेंबर १८६४

चि. डरायस यास,
काकांचे आशीर्वाद. वि. वि.

तू लिहिलंस की फार वेळ लागला नाही. आल्व्हाच्या वेळी कॅप्टननंही हेच शब्द लिहिले होते. खरं काय ते मला लिही. मी म्हातारा आहे, पण ऐकू शकतो. फिलीनाला मात्र तेच राहू दे.

मी मतदानाच्या दुसऱ्या दिवशी निरीक्षकांकडे गेलो होतो. त्यांना सांगितलं, की काल मी हो म्हणालो ते चूक होतं, माझा मुलगा तेव्हा बारा दिवसांपूर्वीच गेलेला होता, मला ठाऊक नव्हतं. त्यांनी समोरची वही मिटली. मग म्हणाले, की मतं एकत्र झाली, मोजली गेली, आता कुठलं कुणाचं ते देवालाच ठाऊक. त्यांनी मला घरी जायला सांगितलं. पायऱ्या उतरताना माझ्या लक्षात आलं, की ते मत परत निघत नाही याचा मला आनंद झाला होता.

आपल्या गावात जनरल एकवीस मतांनी पुढे राहिले. राज्यात सात लाखांवर मतं पडली आणि लिंकन सात हजारांनीसुद्धा पुढे नाहीत, असं वर्तमानपत्रात आहे. पेटीबोन परवा येऊन म्हणाले, की तुमच्या ऑरिनसारख्या शिपायांनी राज्य राखलं. त्यांनी ते चांगल्या मनानं म्हटलं. मी त्यांना सफरचंदाची सायडर दिली. ते गेल्यावर मी विचार करत बसलो, की मी कशासाठी मत दिलं. मी एका मुलाला घरी बोलावत होतो, आणि तो पावसात पडलेला होता.

फिलीना तुझ्या आईकडे आहे. तिला वाटतं मी रागावलोय. पहिल्या दिवशी रागावलो होतो, हे खरं. पण राग त्या दिवसापुरताच होता.

तुला सांगतो. मतदानाहून परत येताना मी तिला सगळा रस्ताभर सांगत होतो, की पोरगा येण्याआधी माडीवरच्या खोलीचं धुराडं नीट करायला हवं. तो शेती करणार की कारखाना घेणार, मिलर्सची थोरली मुलगी त्याला कशी शोभेल, वरातीला किती सायडर काढावी लागेल. चार मैल मी हेच बोलत होतो. ती मध्येमध्ये हो म्हणत होती. एकदा मी तिला विचारलं, की खोलीला रंग कुठला द्यायचा, तर तिनं निळा सांगितला.

मी कारखान्यात बसून रोज ते चार मैल आठवतो. तुझं पत्र जवळ ठेवून तिनं मला निळा रंग सांगितला. तिच्याशी अबोला मी रागानं धरला नव्हता, डरायस. मला तिच्याकडे पाहायची लाज वाटत होती.

उद्या सकाळी गाडी जुंपून तिला आणायला जाणार आहे. तिथून परतीचाही रस्ता चार मैलांचाच आहे. तिला काय बोलायचं ते मला सुचलेलं नाही. पण या वेळी बोलायचं काम तिचं, आणि हो म्हणायचं माझं.

आमच्यावर जीव असू दे, आणि तो घेऊन घरी ये.

लायमन टीचाउट